‘पाच डॉलरनं काय होणार?’ असं विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मध्यावधी निवडणुकांचं वारं सुटलं की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक तर सख्ख्या मावसभावाकडून. मथितार्थ असा: अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, पुरोगामी उमेदवारांना पाच-पंचवीस डॉलर देणारे लोक भाबडे आहेत. अब्जाधीशांच्या पैशापुढे ती चिल्लर आहे. जे जमतं ते सल्लागार खातात. चुरशीच्या जागी पुरोगामी माणूस निवडून येतच नाही. या देणग्या निम्म्या खोट्या आणि परदेशातून आलेल्या असतात. आणि शेवटी सल्ला, की दुसऱ्या मतदारसंघातल्या उमेदवाराला पैसे देण्यापेक्षा ते मुलांच्या कॉलेजसाठी ठेवा.

मी २०१७ साली इथली नागरिक झाले. तेव्हापासून दर महिन्याला थोडे पैसे देते, सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरते. त्यामुळे हा मेसेज नुसता पुढे ढकलून देणं मला जमलं नाही.

पहिला मुद्दा चिल्लरीचा, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पॅक म्हणजे निवडणुकीसाठी पैसा जमवणारा गट, आणि सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून वेगळा राहून खर्च करणारा गट. २०१० मधल्या न्यायालयीन निकालांनंतर सुपर पॅकना कितीही पैसा गोळा करण्याची आणि खर्चण्याची मुभा मिळाली, हे खरं. त्या पैशानं माणसं पाडता येतात, हेही खरं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातून सेनेटसाठी उभ्या राहिलेल्या केटी पोर्टर यांच्या विरोधात क्रिप्टो उद्योगाच्या फेअरशेक या सुपर पॅकनं सुमारे १ कोटी डॉलर ओतले आणि त्या मुख्य निवडणुकीआधीच्या प्राथमिक फेरीतच बाहेर पडल्या. हे मी लपवत नाही.

पण सगळे डॉलर सारखे नसतात. उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यातला डॉलर आणि सुपर पॅकच्या खात्यातला डॉलर यांत कायद्यानंच फरक केलेला आहे. प्राथमिक निवडणुकीआधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस टीव्ही स्टेशनांना उमेदवाराकडून सर्वांत कमी दरच घ्यावा लागतो. सुपर पॅकला ही सवलत नाही. ऑक्टोबरात सगळेच जाहिरातीच्या वेळेसाठी झुंबड उडवतात तेव्हा दर कित्येक पटींनी चढतात आणि त्याच तीस सेकंदांसाठी सुपर पॅक भरमसाट पैसे मोजतं. म्हणजे थेट उमेदवाराला दिलेले तुमचे पंचवीस डॉलर बाजारात पंचवीसपेक्षा जास्त काम करतात.

शिवाय सुपर पॅकला उमेदवाराशी ठरवून जाहिराती करता येत नाहीत. उमेदवारानं काय बोलायचं, कुठल्या गावात ऑफिस उघडायचं, किती पोरांना पगारावर ठेवायचं, हे उमेदवाराच्याच पैशातून ठरतं. आणि मतदाराला घराबाहेर काढायला हेच काम उपयोगी पडतं. येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ च्या निवडणुकीत न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग केला होता. दारात जाऊन बोललं की मतदान वाढतं, भाडोत्री कॉल सेंटरच्या फोननं वाढत नाही, असं त्यात दिसलं.

हे मी स्वतः पाहिलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघी फ्लेमिंग्टनला गेलो होतो. न्यू जर्सीच्या सातव्या मतदारसंघात स्यू ऑल्टमन उभ्या होत्या. वर्किंग फॅमिलीज या चळवळीतून आलेल्या, समोर विद्यमान खासदार टॉम कीन ज्युनियर. हातात मिनिव्हॅन नावाच्या प्रचाराच्या ॲपमधली बेचाळीस घरांची यादी. पस्तिसाव्या की छत्तिसाव्या घरी एक बाई दार उघडून अर्धवट झोपेत उभी राहिली. नर्स, रात्रपाळी करून आलेली. म्हणाली, मंगळवारी माझी ड्युटी बारा तासांची आहे, मत द्यायला जमणार नाही. तिला ठाऊकच नव्हतं की न्यू जर्सीत त्याआधीचे नऊ दिवस केंद्रावर जाऊन मत देता येतं. आम्ही तिला जवळचं केंद्र फोनवर दाखवलं, वेळ सांगितली. तिनं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर शनिवारी गोल केला. दारातून मला तो गोल दिसत होता. त्या यादीला, त्या ॲपला, आम्हाला सकाळी दिशा देणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाच्या पगाराला पैसे लागतात, आणि ते येतात वर्गणीतून.

ऑल्टमन पाचेक टक्क्यांनी हरल्या. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण ती बाई मतदानाला गेली असेल, असं मी धरून चालते.

आणि पैसा कधी येतो, ती वेळ. एमिलीज लिस्ट नावाची संस्था १९८५ पासून गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या डेमोक्रॅटिक स्त्री उमेदवारांना मदत करते. एमिली कुणा बाईचं नाव नाही. ‘अर्ली मनी इज लाइक यीस्ट’ या वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. आपण विरजण म्हणू. चमचाभरच लागतं, पण रात्री लावावं लागतं. सकाळी दुधात ओतून दही होत नाही. उमेदवाराला दर तिमाहीला निवडणूक आयोगाकडे हिशोब द्यावा लागतो. पक्ष, संघटना, पत्रकार सगळे त्या आकड्याकडे बघतात आणि या माणसाला गांभीर्यानं घ्यायचं की नाही हे ठरवतात. अशा वेळी आलेली हजार माणसांची पंचवीस-पंचवीस डॉलरची वर्गणी म्हणजे २५ हजार डॉलर आणि हजार नावांची यादी. पुन्हा मागता येतील अशी हजार माणसं. कायद्यानं एका व्यक्तीला २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलरच देता येतात. मोठा देणगीदार तिथे एकदा थांबतो तो थांबतोच.

आता मेसेज जिथे खरा आहे ते सांगते. २०२० मध्ये एमी मॅग्राथ यांनी केंटकीत रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांच्याविरुद्ध नऊ कोटी डॉलरांहून जास्त जमवले आणि जवळजवळ वीस टक्क्यांनी हरल्या. साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांनी तर तेरा कोटींच्या वर जमवले आणि लिंडसे ग्रॅहम यांच्याकडून दहा टक्क्यांनी पराभूत झाले. देशभरातून लोकांनी रागापोटी पैसे पाठवले होते. समोरचा माणूस जितका नावडता तितका ओघ मोठा. पण या दोन्ही सेनेटच्या लढती, आणि केंटकी तर कधीच चुरशीची नव्हती. या उदाहरणांवरून ‘देणगी वाया जाते’ असं म्हणणं म्हणजे खडकावर पेरून बियाण्याला नाव ठेवणं. प्रतिनिधिगृहाच्या खऱ्या चुरशीच्या जागा बघा. २०२० मध्ये आयोवाच्या दुसऱ्या मतदारसंघात जवळपास चार लाख मतांत रीटा हार्ट सहा मतांनी हरल्या. सहा! २०२२ मध्ये कोलोरॅडोत ॲडम फ्रिश, ज्यांना जवळजवळ कुणीच जमेत धरलं नव्हतं, लॉरेन बोबर्ट यांच्याकडून ५४६ मतांनी हरले. (फ्रिश पुरोगामी नव्हेत, मध्यममार्गी आहेत, मी फरकाचा आकडा दाखवते आहे.) तिथे आणखी एक माणूस आणखी दोन आठवडे पगारावर ठेवता आला असता तर काय झालं असतं, हा विचार मला छळतो.

सल्लागार खातात, हा दुसरा मुद्दा. काही खातात. जाहिरातींच्या खर्चावर टक्केवारी घेण्याची जुनी पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘आज मध्यरात्रीपर्यंत ५०० टक्के मॅच’ असले मेसेज. कुणीही तुमच्या दहा डॉलरवर पन्नास घालत नाही. ती निव्वळ थाप असते आणि तिला सर्वाधिक बळी पडतात ते आपल्या आई-वडिलांच्या वयाचे लोक. माझ्या ओळखीच्या एका काकांचे अशाच एका अनोळखी गटाला वर्षभर पैसे जात होते, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. पण यावरचा उपाय साधा आहे. पैसे देण्याआधी पानाच्या तळाशी कुणाचं नाव आहे ते वाचा. उमेदवाराची स्वतःची प्रचार समिती असेल तरच द्या. भारदस्त नावाचा भलताच पॅक असेल तर सोडून द्या. ॲक्टब्लू या डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठीच्या ऑनलाइन देणगी मंचावरून दिलेत तर ३.९५ टक्के कापले जातात, म्हणजे पंचवीस डॉलरमागे साधारण एक डॉलर. उरलेल्याचा हिशोब, अगदी ऑफिसचं भाडं, छपाई, पगार यांसकट, निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही पाहता येतो. आपल्याकडे मंडळाच्या गणपतीचा ताळेबंद तरी इतका उघडा असतो का?

चुरशीच्या जागी पुरोगामी निवडून येतच नाहीत, हे ‘च’ मुळे खोटं ठरतं. सरासरीनं मध्यममार्गी उमेदवाराला अशा जागी थोडा फायदा असतो, असं राज्यशास्त्रातला बराच अभ्यास सांगतो. नेब्रास्कात कारा ईस्टमन २०१८ आणि २०२० अशा दोनदा हरल्या. पण याच केटी पोर्टर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत, पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन समजल्या जाणाऱ्या भागात, सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा हवा असं उघड सांगून निवडून आल्या. कंपन्यांच्या पॅकचा पैसा न घेता. २०२० मध्ये पुन्हा आल्या, २०२२ मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्यावरही सुमारे नऊ हजार मतांनी आल्या. ओरेगनच्या नव्या सहाव्या मतदारसंघात २०२२ च्या प्राथमिक फेरीत क्रिप्टो अब्जाधीश सॅम बँकमन-फ्रीड यांच्या पैशावर चालणाऱ्या सुपर पॅकनं एका नवख्या उमेदवारासाठी १ कोटी डॉलरांहून जास्त खर्च केले. जिंकल्या आंद्रेया सॅलिनस, आणि नोव्हेंबरात मुख्य लढतही थोडक्यात जिंकल्या. त्यांच्या मागेही संघटना आणि पॅक होते, नुसत्या छोट्या देणग्या नव्हत्या. पण पैशाचा ढीग घातला की जागा विकत मिळते, हे समीकरण तिथे कोसळलं. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार यांनीही २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर घातले होते आणि ते तिसरे आले. पुढे ते काँग्रेसमध्ये निवडून गेले, ती वेगळी लढत.

खोट्या देणग्यांचा आरोप गंभीर आहे, म्हणून नीट उत्तर देते. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ॲक्टब्लूसारख्या मंचांवरून बनावट नावानं आणि परदेशातून पैसे येतात का, याची चौकशी करण्याचा आदेश दिला. चौकशी करावी. पण मेसेजमध्ये पुरावा म्हणून जो फोटो आहे, एका निवृत्त बाईच्या नावावर शेकडो नोंदी, तो पुरावा नव्हे. उमेदवाराला थेट दिलेली देणगी एका निवडणुकीच्या पूर्ण काळात मिळून दोनशे डॉलरच्या आत असेल तर नावानिशी जाहीर करावी लागत नाही. ॲक्टब्लू मात्र मध्यस्थ असल्यामुळे त्याला एक डॉलरचीसुद्धा नोंद नावासकट द्यावी लागते. एखाद्या आजीनं वीस उमेदवारांना दर महिन्याला तीन-तीन डॉलर लावून ठेवले की वर्षाला २४० ओळी होतात. ७२० डॉलर. माझ्याही नावावर अशा बऱ्याच ओळी सापडतील.

खऱ्या बनावट नावांचं प्रकरण हवं असेल तर मुंबईत जन्मलेल्या दिनेश डिसूझांचं घ्या. २०१२ च्या न्यूयॉर्कमधल्या रिपब्लिकन सेनेट उमेदवारासाठी त्यांनी स्वतःची मर्यादा संपल्यावर दुसऱ्यांच्या नावानं २० हजार डॉलर दिले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला, २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. बनावट नावाची गरज पडते ती मर्यादेच्या वर देणाऱ्याला. पाच डॉलर देणाऱ्याला ती कशाला पडेल?

आपल्या लोकांसाठी नियम स्पष्ट सांगते. नागरिकाला आणि ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते. एच-वन (नोकरीचा), एच-फोर (त्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा विद्यार्थी व्हिसा असलेल्यांना नाही. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांनी कौतुकानं पाकीट पुढे केलं तरी नाही, आणि त्यांचे पैसे घेऊन आपल्या कार्डावरून भरणं हा सरळ गुन्हा आहे.

राहिला दुसऱ्या मतदारसंघाचा प्रश्न. मी एडिसनला राहते. माझी जागा डेमोक्रॅटांना सुरक्षित आहे. पण प्रतिनिधिगृहात बहुमत कुणाचं हे माझ्या मतदारसंघात ठरत नाही. २०२४ मध्ये निकाल रिपब्लिकन २२० विरुद्ध डेमोक्रॅट २१५ असा लागला. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर समित्यांचे अध्यक्ष, कुठलं विधेयक मतदानाला येणार, सगळं बदललं असतं. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये याच सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं, पुढे ते अडलं. त्या रांगेत दहा-बारा वर्षं उभी असलेली माणसं माझ्या घरी जेवायला येतात.

त्यांतलीच एक मैत्रीण एच-फोरवर आहे. ती एक डॉलरही देऊ शकत नाही. पण विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला कायद्याची आडकाठी नाही, म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मतदारांना पोस्टकार्डं लिहायची. एका बैठकीत साठ. ५६ सेंटांची तिकिटं मात्र तिला आणू दिली नाहीत, तो खर्च देणगीत मोडू शकतो. ती मी आणली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून पत्ते तिनं लिहिले आणि तिकिटं मी चिकटवली.