'आजी जन्मभर वाकली, तिची मान कुठे दुखली?' या प्रतिक्रियेला उत्तर

मु. पो. टीकाकार यांस,

नमस्कार. मान आणि पोक यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे लांबण.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमची आजी जन्मभर वाकून भाताची लावणी करत होती, तिची मान कधी दुखली नाही. ६० अंशांत मान वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो असं मी लिहिलं. ते खरं असतं तर डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या माना केव्हाच मोडल्या असत्या. तुमच्या मणक्यात 'गॅप' आहे असं डॉक्टर म्हणालेत, तेव्हा बसण्या-उठण्याशी तुमच्या दुखण्याचा संबंध नाही. आणि 'पोश्चर' हा फिजिओथेरपीवाल्यांनी काढलेला धंदा आहे.

धंद्याचं आधी उरकते. सांगलीत चौदा वर्षं मी हेच काम करते आणि त्याचे पैसे घेते. उशा, पट्टे मात्र विकत नाही. खांदे मागे ओढून धरणारे ते पट्टे तर घेऊच नका असं सांगते. पट्टा काढला की खांदे पुन्हा जागेवर, म्हणजे पुढे.

२७ किलोंच्या बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. तो आकडा केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या मणक्याच्या सर्जनच्या २०१४ च्या लेखातला आहे. १५ अंशांना साधारण १२ किलो, ६० अंशांना २७. पण ते संगणकावरच्या नमुन्याचं गणित होतं, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेलं नव्हे, आणि एवढ्या भाराने मान दुखतेच असंही त्यातून ठरत नाही. मी मात्र ते तराजूत तोलल्यासारखं लिहून मोकळी झाले. ते वाक्य काढून टाकलंय.

पाटीचा मुद्दा मात्र टिकत नाही. पाटीचं वजन मणक्यांवरून सरळ खाली उतरतं. (तेही निरुपद्रवी असतं असं नाही, पण तो वेगळा विषय.) वाकलेल्या मानेचं तसं नाही. भरलेली कळशी कमरेवर घ्या आणि मग तीच हात लांब करून धरून बघा. कळशी तीच, पाणी तेवढंच, पण मिनिटभरात हात थरथरायला लागतो. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं. ते पुढे गेलं की त्याला धरून ठेवायचं काम मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंवर येतं. ते थोडेसे आवळलेले राहतात, आणि तासन् तास तसेच राहिले की थकतात, रक्त नीट खेळत नाही, ठणकायला लागतात. खांद्याच्या पात्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात बोट दाबलं की 'आई गं' होतं ना, तिथून एक स्नायू थेट मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जातो. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात जणांचं बोट आधी तिथंच जातं.

यात माझ्या मते दोष वाकण्याचा कमी आणि तसंच राहण्याचा जास्त. मागच्या लेखात मी उलटं लिहिलं, आणि तुमचा राग बहुधा त्यावरच आहे. रिओ दि जानेरोत १८ ते २१ वयाच्या १५० मुलामुलींचा अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. मोबाइल बघताना मान किती वाकते आणि मान दुखते का, यांत संबंध सापडला नाही. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या हजाराहून जास्त मुलांचं बसणं तपासलं, तिथेही पोक काढून बसणाऱ्यांची मान जास्त दुखते असं निघालं नाही. मोठ्या माणसांत चित्र थोडं बदलतं. मान दुखणाऱ्यांचं डोकं सरासरीने जास्त पुढे आलेलं दिसतं, पण डोकं पुढे आलं म्हणून दुखलं की दुखतंय म्हणून माणूस तसा बसायला लागला, हे त्यावरून ठरत नाही. त्यामुळे 'ताठ बस' म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घालणाऱ्यांनी माझ्या लेखाचा दाखला देऊ नये.

आता तुमच्या आजी. लावणी करणारी बाई कमरेतून वाकते. हात चालू, पाय चालू, सारखी मागे सरकते, मूठ संपली की दुसरी घ्यायला उठते, बांधावरून कुणी हाक मारली की मान वळते. लॅपटॉपपुढे आपण पापणीसुद्धा नीट हलवत नाही. आणि एक विचारू? मान दुखते का, असं आजीला कुणी कधी विचारलं होतं? माझी आजी रोज रात्री फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेने मान शेकायची. काय होतंय विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, वात आहे." आमच्या घरातही 'आजीची मान कधी दुखली नाही' असंच सगळे सांगतात.

एका शिक्षिकेचं उदाहरण देते, म्हणजे मी प्रत्यक्षात काय करायला सांगते ते कळेल. मार्चमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले की तिसऱ्या दिवशी यांची मान धरायची. कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवून बघायच्या. मी त्यांना घरी बसतात तसं बसवून पेपर तपासायला लावले. सतरंजीवर मांडी, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेपर. गुणांची बेरीज करताना उजवा खांदा हळूहळू कानाकडे चढायचा आणि बेरीज संपेपर्यंत श्वास रोखलेला. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता. 'ताठ बसा' हा शब्द मी काढला नाही. त्यांच्या सासऱ्यांचं जुनं दिवाणजींचं उतरतं डेस्क माळ्यावर गौरींचे मुखवटे ठेवायला वापरत होते, ते खाली आणवलं. पूर्वीचे मुनीम दिवसभर खतावण्या लिहायचे, ते डेस्क उतरतं उगाच नव्हतं. कागद डोळ्यांकडे आला की मान कागदाकडे जात नाही. आणि गठ्ठा स्वयंपाकघरात ठेवायला सांगितला. पाच पेपर झाले की उठायचं, ते ठेवून पुढचे पाच आणायचे. त्या वर्षी मान अजिबात दुखली नाही असं नाही. पण गोळी घ्यावी लागली नाही.

तुम्ही दिवसभर लॅपटॉपवर असता असं लिहिलंय. तुमच्यासाठी डेस्कऐवजी दिवाळी अंकांची चळत: त्यावर लॅपटॉप, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, आणि कीबोर्ड वेगळा. वीस-पंचवीस मिनिटांनी जागा बदला. कशी बदलता याला महत्त्व नाही, रेलून बसलात तरी चालेल.

बरोबर थोडी ताकदही हवी. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांवर एक प्रयोग झाला. रबरी पट्टी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाने रोज १२ मिनिटं केलं, दुसऱ्याने फक्त २. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. दोन मिनिटांत चहासुद्धा होत नाही. दुसरा व्यायाम हनुवटीचा: भिंतीला पाठ लावून नजर समोर, मान न वाकवता हनुवटी सरळ मागे न्यायची, दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच सेकंद धरायची, सोडायची, दहा वेळा. आरशात बघू नका, हसू येतं आणि व्यायाम राहतो.

'गॅप'बद्दल. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत दोन मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. विशीतल्यांतही बहुतेकांना होती. त्यामुळे फोटोत गॅप दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही, आणि हालचाल बंद करण्याचं कारण तर नाहीच. गळ्यातला पट्टा महिनोन् महिने घालणारे पेशंट बघितले की मला वाईट वाटतं. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेता असं लिहिलंय, ते आजपासून बंद. क्वचित का होईना, अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटते आणि पक्षाघात होतो.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि ते तुम्ही कंसात टाकलंय: '(मुंग्या येतात हाताला, पण ते वयाने असेल)'. कुठल्या बोटांना येतात? अंगठा-तर्जनी, मधलं बोट की करंगळी? त्यावरून कुठली नस असेल याचा अंदाज येतो. कधी कधी ती मानेतली नसतेच, मनगटातली असते. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? पायातून चप्पल निसटते का, चालताना तोल जातो का, लघवीवर ताबा कमी झालाय का? यातलं एकही 'हो' असेल तर व्यायाम, दिवाळी अंक सगळं बाजूला ठेवून लगेच अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. नुसत्याच मुंग्या असतील तरी येत्या आठवड्यात दाखवून घ्या, आणि कुठली बोटं ते मला इथेच खाली लिहा.