सगळी गाणी सारखी? अजिबात नाही

‘मायनर थ्रेट’ या अमेरिकन हार्डकोर पंक (वेगवान, आक्रमक रॉक) बँडच्या १९८९च्या समग्र संग्रहातली २६ गाणी सलग ऐकली तर सारखीच वाटतात, हे या बँडवरच्या एका लेखातलं विधान पटलं नाही. फोंड्याहून पणजीला बसने जाताना मी तो कितीतरी वेळा अख्खा ऐकलाय, पाऊण तास तर लागतो. १९८१ची गाणी एकाच गिटारवर धावतात. पुढे नवा बास गिटारवादक आला, आधीचा बासवादक ब्रायन बेकर बास सोडून दुसऱ्या गिटारवर गेला, आणि १९८३च्या गाण्यांत आवाज केवढा भरला! तीन वर्षांत पोरं कुठल्या कुठे गेली.

मी चवथीला घुमट, म्हणजे आमचं गोव्याचं मातीचं तालवाद्य, वाजवतो. आरतीची लय चढली की नवख्याला नुसता गोंगाट वाटतो, आम्हाला मात्र घुमटासोबत काठ्यांनी वाजणाऱ्या समेळाचा ठोका न् ठोका वेगळा कळतो. या बँडचे ड्रम्स तसे ऐकून बघा.