आईची बॅग आणि मालदीव

आज ऑफिसात जेवताना एकजण सांगत होता, "कोरोनात मालदीवला गेलो होतो, काय शांतता होती! एक आरटीपीसीआर, एक फॉर्म, झालं." सगळे कौतुकाने ऐकत होते. मी डबा बंद करून उठले. संध्याकाळ झाली तरी डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

झालं? कुणाचं झालं?

माझा धाकटा भाऊ तेव्हा मालदीवमधल्या माफुशीला एका गेस्टहाउसच्या किचनमध्ये होता. माफुशी हे लोकवस्तीचं बेट, रिसॉर्टचं नव्हे. सगळं अडलं ते इथेच. सप्टेंबर २०२० मध्ये बाबा गेले. भावाने अंत्यविधी फोनच्या स्क्रीनवर पाहिला. त्यानंतर आईने एकच धोशा लावला, "मला त्याला एकदा बघायचंय."

एप्रिल २०२१. तिकीट २७ तारखेचं. निघण्याआधी ९६ तासांच्या आतला रिपोर्ट, त्यावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच, राहण्याचं पक्कं बुकिंग, शेवटच्या २४ तासांत 'इमुगा' या मालदीव सरकारच्या पोर्टलवर आरोग्याचा फॉर्म. परतताना भारत सरकारचा 'एअर सुविधा' हा ऑनलाइन फॉर्म आणि पुन्हा ७२ तासांचा रिपोर्ट. एका अक्षराची कुरकुर न करता सगळं जमवलं. त्या एप्रिलात डोंबिवलीत लॅबबाहेर काय रांगा होत्या ते तुम्ही विसरला नसाल. शुक्रवारी संध्याकाळी स्वॅब दिला, रविवारी सकाळी रिपोर्ट आला, तर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. खोकणाऱ्या माणसांत दोन तास उभी राहून ते दुरुस्त करून आणलं. काउंटरवरच्या पोराचे डोळे लाल झाले होते, त्याच्यावर माझा राग नाही.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. २७ तारखेपासून भारतातून येणाऱ्या पर्यटकांना लोकवस्तीच्या बेटांवर राहायला बंदी. रिसॉर्टवर मात्र खुशाल या.

म्हणजे तोच विमानतळ, तोच रिपोर्ट. फक्त पैसे असतील तर या! रिसॉर्टच्या चार रात्री आम्हाला परवडणाऱ्या होत्या का? इकडे आम्ही ऑक्सिजनसाठी फोन फिरवत होतो आणि त्याच फोनवर आपल्या नटनट्यांचे तिथल्या समुद्रातले फोटो येत होते. मला अजून ते फोटो आठवले की चीड येते.

मान्य, एवढ्याशा बेटावर साथ शिरली असती तर तिथल्या लोकांचे हाल झाले असते. मे महिन्यात त्यांच्याकडेही रुग्ण भराभर वाढले. १३ मेपासून त्यांनी दक्षिण आशियातल्या पर्यटकांचे व्हिसाच थांबवले, तेव्हा मला राग आला नाही. बंद तर सगळ्यांना बंद. १५ जुलैला पुन्हा उघडलं, पण तोवर आमच्याकडे तिकिटाचे पैसे उरले नव्हते. पर्यटनावर तो देश चालतो, हेही कळतं. पण हनिमूनला जाणाऱ्यासाठी वाट काढता येते, तर लेकाला भेटायला निघालेल्या विधवा बाईसाठी का नाही? आईला जायचं तर 'पर्यटक' म्हणूनच, दुसरा सोपा रस्ता आम्हाला कुणी दाखवला नाही. ती कसली पर्यटक? तिने समुद्र बघायचा म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी रात्री आईने बॅग उघडली. भाजणी, मेतकूट, आमसुलं एकेक करून डब्यात परत ठेवली. रडली नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा हातात घेऊन बसून राहिली. वरच्या मजल्यावर सगळं घर पॉझिटिव्ह होतं. सकाळी तो डबा त्यांच्या दाराशी ठेवून, बेल वाजवून खाली आली.

भाऊ डिसेंबरात आला, तेव्हा आईने नवे लाडू केले. त्याने आल्या आल्या बाबांच्या फोटोसमोर बॅग ठेवली आणि बराच वेळ तिथून हललाच नाही.

मघाशी आईला फोन केला. तो रिपोर्ट अजून तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे. म्हटलं, टाकून दे गं आता. म्हणाली, "राहू दे. तू दोन तास उभी होतीस त्याच्यासाठी."