चार वर्षांचा करार घेतला, पण त्याच्या पाठीमागची माणसं?

अग्निवीरचा विषय निघाला की गावाकडचं कोणीतरी मला हमखास विचारतं, तुमच्या अमेरिकेत पण चार वर्षांचाच करार असतो ना, मग इथंच एवढी ओरड कशाला? प्रश्न चुकीचा नाहीये. अमेरिकेतले बरेचसे सैनिक एक करार संपवून ऐन पंचविशीत बाहेर पडतात, पेन्शनला साधारण वीस वर्षं लागतात आणि तिथपर्यंत थोडेच पोचतात. पण बाहेर पडलेला तो पोरगा कायद्याने व्हेटरन असतो, म्हणजे सरकारी कॉलेजची फी, शिकेपर्यंत घरभाडं, घरकर्जाला सरकारची हमी, नोकरीत झालेल्या दुखण्यावर इलाज आणि त्याचा दरमहा भत्ता. आपल्या अग्निवीराला चार वर्षांनी 11.71 लाखांच्या आसपास सेवा निधी एकरकमी मिळतो, त्यातही निम्म्याच्या आसपास वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. निमलष्करी दलांत राखीव जागा ठेवल्यात हे खरंय, पण चारातला एकच सैन्यात कायम होतो, जे तीन परत येणार त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, लष्करी कॅन्टीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. मला हे शेवटचं सगळ्यात जास्त खुपतं.

आणि इथे हे सगळं सरकारने आपणहून दिलं असं कोणी समजू नका. पहिल्या महायुद्धातून सुटलेल्या अमेरिकन शिपायाच्या हातावर 60 डॉलर आणि घरी जायचं भाडं टेकवलं होतं, बास. मार्च 1919 मध्ये, फौज अजून फ्रान्समध्येच असताना, त्यातल्याच लोकांनी पॅरिसमध्ये सभा घेऊन अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना काढली, सप्टेंबरात संसदेने तिला सनद दिली. पुढे दुसरं महायुद्ध चालू असतानाच लीजनचे माजी प्रमुख, कॅन्ससचे वकील हॅरी कोलमेरी, वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसले आणि हॉटेलच्याच कागदांवर हाताने जीआय बिलाचा, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्याचा, मसुदा लिहून काढला. शिक्षण, कर्जाची हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला 20 डॉलर, जास्तीत जास्त 52 आठवडे. शेवटी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मतं अडकली, ज्यांच्या मताने कोंडी फुटणार होती ते खासदार जॉन गिब्सन आजारी होऊन जॉर्जियात घरी, तर लीजनवाल्यांनी रातोरात त्यांना शोधलं, गाडीने फ्लोरिडापर्यंत नेलं आणि तिथून विमानात बसवून सकाळी वॉशिंग्टनला हजर केलं! 22 जून 1944 ला कायद्यावर सही झाली आणि 78 लाखांच्या आसपास सैनिक त्यातून शिकले किंवा हातातलं काम शिकले.

लीजन धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. दक्षिणेत कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळ्या शाखांत बसवलं, कुठे घेतलंच नाही, आणि जीआय बिलाचे पैसेही तिकडे त्यांच्यापर्यंत नीट पोचले नाहीत कारण वाटप स्थानिक गोऱ्या लोकांच्या हातात. त्याच गणवेशात लढलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं हा त्या संघटनेवरचा डागच आहे.

आमच्या ओहायोतल्या गावात लीजनची शाखा आहे, विटांची बैठी इमारत, बाहेर झेंडा, आत एक टेबल कायम मांडलेलं आणि त्याची खुर्ची रिकामी, युद्धात बेपत्ता झालेल्यांसाठी. माझ्याबरोबर काम करणारा एक पोरगा चार वर्षं करून आलेला, त्याच्या कानात सतत वाजत राहायचं, त्याला सोडायला म्हणून मी तिथे गेलो. व्हिएतनामला जाऊन आलेले एक आजोबा समोर बसले, त्याचा डीडी-214 म्हणजे सुटकेचा कागद ओळ न् ओळ वाचला, कुठल्या मशीनजवळ ड्युटी होती, कानाला काय लावायचास, डॉक्टरला पहिल्यांदा कधी सांगितलंस, सगळं विचारून भत्त्याचा अर्ज स्वतः भरला. एक पैसा घेतला नाही. या कामाचं रीतसर ट्रेनिंग घेतलेले असे लोक लीजनकडे देशभर आहेत.

माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाला, पेन्शनच्या कागदात जन्मतारीख चुकली तर ती दुरुस्त करायला तो एकटाच साताऱ्याहून हेलपाटे घालत होता. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, 7 डिसेंबरला ध्वज दिन होतो, पण ती सरकारची यंत्रणा, सरकारशी भांडायला ती कशी येईल? 2015 ला वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन मिळावी म्हणून, जंतरमंतरवर माजी सैनिक एकत्र बसले आणि सरकारला हलावं लागलं. नंतर जवान एकीकडे, ऑफिसर दुसरीकडे, आणि तालुक्यातालुक्यात आपल्या आजी-माजी सैनिक संघटना सुट्या सुट्या.

अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची चार वर्षं 2026-27 मध्ये भरतायत. सातारा, कोल्हापूर, सांगलीत पोरं परत येतील तेव्हा सरकार त्यांना माजी सैनिक म्हणो न म्हणो, आपल्या संघटनांनी तरी म्हणावं, त्याला कुठल्या जीआरची गरज नाही. मामाच्या संघटनेच्या सभासद अर्जात पीपीओ नंबरचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या नंबरचा, रकाना आहे, पेन्शनच नाही तर अग्निवीर तिथे काय लिहिणार? तो रकाना ऐच्छिक करा असं मी मामाला फोनवर सांगितलंय आणि येत्या मीटिंगमध्ये मामा हा विषय मांडणार आहे.