मोबाईलवरचा कल आणि जमिनीचा कल

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरत आहे. मोबाईलमधील लेव्हलचे अॅप उघडून फोन फरशीवर ठेवावा आणि कल कोयनेच्या दिशेने दिसला तर ४८ तासांत मोठा भूकंप होणार असे समजावे. विहिरीचे पाणी उतरले असेल तर खात्रीच बाळगावी. चीनने १९७५ मध्ये याच पद्धतीने शहर वाचवले, आपले शास्त्रज्ञ मात्र हे लपवतात, असे त्यात म्हटले आहे. निपाणीच्या माझ्या वृद्ध आत्याने हे वाचून अंगणात अंथरूण टाकले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

भूकंपप्रवण भागात जमिनीचा कल खरोखरच मोजतात, परंतु मायक्रोरेडियनमध्ये. एक किलोमीटर लांबीच्या तुळईचे एक टोक एक मिलिमीटर उचलल्यावर होणारा कोन म्हणजे एक मायक्रोरेडियन, आणि चांगला कलमापक त्याच्याही शंभराव्या हिश्शाचा बदल टिपतो. मोबाईल फार तर अंशाचा दहावा हिस्सा दाखवतो, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन मीटर. जमीन कोयनेकडे एवढी कलली असती तर घटप्रभेच्या कालव्यांतले पाणी उलटे वाहू लागले असते. ऊनपावसाचा परिणाम टाळण्यासाठी असे कलमापक खोल विंधनविवरात किंवा बोगद्यात बसवतात. आपली काळी जमीन तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी हलवते. शिवाय गवंडी फरशीला न्हाणीकडे ढाळ देतोच. ज्यांची न्हाणी कोयनेच्या बाजूला आहे, त्यांनी काय रोजच भूकंपाची वाट पाहायची?

चीनचा दाखला अगदीच खोटा नाही, हे मान्य करावे लागते. ४ फेब्रुवारी १९७५ च्या हायचेंग भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढले होते आणि कलाच्या नोंदीही तेव्हा विचारात घेतल्या होत्या. मात्र निर्णय झाला तो मुख्यतः आधी बसलेल्या लहान धक्क्यांच्या मालिकेमुळे. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशानमध्ये कोणताही इशारा मिळाला नाही आणि सरकारी आकड्यांप्रमाणेच २ लाख ४० हजारांहून अधिक माणसे गेली. संदेश लिहिणाऱ्याने हे सोयीस्करपणे वगळले आहे.

विहिरीचे पाणी उपशानेही उतरते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

राहिला लपवण्याचा आरोप. आपण किंवा अन्य कोणत्याही शास्त्रज्ञांनी आजवर एकाही मोठ्या भूकंपाचे भाकीत केलेले नाही, असे अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था स्वतःच जाहीरपणे सांगते. जे कोणाकडेच नाही, ते आपल्याकडचे लोक लपवणार कुठून? उलट प्रत्यक्ष होऊन गेलेल्या धक्क्यांची नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवते, आणि कोयना परिसरातील लहान धक्केही तेथे कोणालाही पाहता येतात.