रजिस्टरात सगळं ओके

कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात माझ्याकडे एक रजिस्टर आहे. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरने ती तपासायची, रकान्यात टिक करायची, खाली सही ठोकायची. हवा, ब्रेक, लाइट, वायपर, स्टेपनी, सगळं ओके. इतकं निरोगी रजिस्टर पंचक्रोशीत नसेल. मध्यंतरी एक गाडी इंजिन उतरवून गॅरेजात पडली होती, तीही रोज ओके.

"अरे, तिला इंजिनच नव्हतं!"

"फॉर्मात इंजिनचा रकाना कुठाय, साहेब?"

पाहिलं. खरंच नव्हता.

बरं, ही मंडळी गाडी तपासत नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. आमचे ड्रायव्हर मामा पहाटे हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक टायरवर एक ठोका. मागच्या जोडीतलं आतलं टायर बाहेरून नीट दिसत नाही, पण हवा उतरली असेल तर टणक आवाजाऐवजी 'भद्द' येतो. मामा तिथंच थांबतात. मग ब्रेकच्या एअर टाकीखालची रिंग ओढून पाणी काढायचं, मीटरचा काटा वर चढेपर्यंत वाट बघायची, इंजिन बंद करून ब्रेक दाबायचा आणि कुठं फुसफुस ऐकू येते का म्हणून कान लावायचा. पावसाळ्यात तर हे दोनदा. एवढं सगळं झालं की तंबाखू मळत ऑफिसात येतात आणि एका दमात वरपासून खालपर्यंत टिका ओढतात, भाताची रोपं लावावीत तशा.

"मामा, आतल्या टायरची हवा कमी होती ना?"

"व्हती की. भरली."

"मग तसं लिहा."

"भरल्यावर कमी कुठं ऱ्हायली?"

माझा मावसभाऊ ब्रिटनमध्ये एका लॉरी कंपनीत आहे. तिकडे बिघाड सापडला की लिहायचा, दुरुस्त काय केलं तेही लिहायचं आणि तो कागद निदान 15 महिने जपून ठेवायचा. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यात गाडी घरची अन् कागद सरकारचा. तिकडं उलटं दिसतंय."

खरी पंचाईत ब्रेकच्या रकान्यात होते. चाकणचा माल जेएनपीटी बंदरात न्यायचा म्हणजे वाटेत बोरघाट उतरायचा. एकदा मामा सही करून दारापर्यंत गेले आणि वळून सहज म्हणाले, "ब्रेक जरा लांब लागतोय हां." फॉर्मात 'आहे' आणि 'नाही' एवढंच. लांब कुठं लिहायचं? मी समासात लिहिलं, गाडी थांबवली, मेकॅनिकला बोलावलं. लायनर झिजले होते. तेव्हापासून ड्रायव्हर जाता जाता जे पुटपुटतात ते मी समासात टिपतो. 'उजवा आरसा हलतो.' 'वायपर नुसता फिरतो, पुसत नाही.' 'चाकाखालचा ठोकळा घाटात राहिला, सध्या दगड आहे.' मला विचाराल तर रजिस्टर तेवढंच; बाकी नुसती नक्षी.

मग ज्यांचा माल आम्ही वाहतो, त्या कंपनीचे ऑडिटर आले. टिका बघून खूश. समास बघून कपाळाला आठ्या.

"हे काय? रेकॉर्ड स्वच्छ पाहिजे."

समास बंद झाला आणि अ‍ॅप आलं. आता प्रत्येक फेरीआधी टायरचा, लाइटचा, नंबरप्लेटचा फोटो. पहिल्या दिवशी मामांच्या अंगठ्याचे चार फोटो आले, चारही मंजूर. पुढे हात बसला. परवा खालापूरच्या टोलनाक्यावरून फोन.

"साहेब, फोटू आला का?"

"आलाय. छान आलाय. पण मामा, ही नंबरप्लेट आपली नाही."

"आपली गाडी अंधारात हुभी व्हती. शेजारची लाइटखाली व्हती. फोटू चांगला यावा म्हून तिचा काढला."

अ‍ॅपनं तिला हिरवी टिक दिली होती.

"बरं, आपल्या गाडीचं काय?"

"तिचं तोंडी सांगतो, लिवून घ्या."