चव्वेचाळीस डिग्रीचा कर्व

गेल्या रविवारपासून माझे तिन्ही मित्र मला ‘मेट्रो’ म्हणून राहिले आहेत. फोन उचलला की पहिलं वाक्य, ‘काय मेट्रो, कुठवर पोचली?’ मी हसतो. न हसून सांगता कोणाला? आणि ज्या माणसामुळे हे झालं, तो आमच्याकडे फक्त एवढंच सांगायला आला होता की, तुमच्या कूलरचं पाणी माझ्या स्कूटरच्या सीटवर ठिबकतं.

पार्श्वभूमी उरकतो. गच्चीवरच्या खोलीत माझी आठ बाय चार फुटांच्या प्लायवर रेल्वे आहे. खेळणं नाही, मॉडेल. या दोन शब्दांतला फरक समजावण्यात माझी पंधरा वर्षं गेली. दुकानात इंजिन बघायला मागितलं की दुकानदार विचारतो, ‘बाळ किती वर्षांचं आहे?’ एकदा वैतागून ‘बावन्न’ म्हणून टाकलं. त्याने खोकं उलटं करून वयाची अट वाचली आणि शांतपणे म्हणाला, ‘चालते मग.’

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं तिथे जमतो. एक डेंटिस्ट आहेत, जे झिजलेली अवजारं घेऊन येतात आणि सांध्यात अडकलेली गिट्टी अशी काढतात की बघणाऱ्याच्या दाढेत कळ यावी. एक बँकवाले भाऊ आहेत. त्यांच्याकडे स्वतःचं एकही इंजिन नाही, पण टाइमटेबल आहे. गाडी दोन मिनिटं लेट झाली की ते तोंडाने घोषणा करतात, तीन भाषांत, आणि शेवटी खेदही व्यक्त करतात. तिसरा इंजिनीअरिंगचा पोट्टा. त्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, त्यामुळे आमच्या प्लॅटफॉर्मवर प्रवाशांपेक्षा बाकडी जास्त आहेत.

नाश्त्याला तर्री-पोहे. पण तर्री रुळांपासून तीन फूट लांब, हा नियम. दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या चमच्यातून एक थेंब रुळावर पडला होता आणि डब्ल्यूडीएम-२ सारखं दणकट इंजिन सपाट रुळावर जागच्या जागी चाकं फिरवत उभं राहिलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळी लाईन पुसून काढली. तेल गेलं. वास अजून येतो.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. नागपुरातला मे महिना आणि प्लायवूड यांचं वैर बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कूलर बंद ठेवला तर लाकूड सुकून आक्रसतं आणि रूळ उंटासारखे वर येतात. कूलर लावला तर तेच लाकूड ओल धरून फुगतं. थंड देशांतली माणसं लिहून ठेवतात की लेआउट कोरड्या, समशीतोष्ण खोलीत ठेवावा. ठेवतो. अशी खोली नागपुरात मिळाली की आधी मी स्वतः राहायला जाईन, रेल्वे मागून नेऊ.

तर कूलर चालू होता, पाणी ठिबकत होतं आणि आम्ही नव्या लुपवरून पहिली गाडी सोडली होती. चार डब्यांची. इतक्यात दारात खालच्या मजल्यावरचे काकाजी उभे राहिले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात पुरावा म्हणून ओलं फडकं. तोंड उघडलं ते स्कूटरसाठीच, पण नजर रुळांवर गेली, फडकं खाली पडलं आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले.

झेंडी नसली तर रेल्वेत धोक्याचा हात असाच दाखवतात, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. पोट्ट्याने दचकून कंट्रोलर शून्यावर आणला. गाडी थांबली.

‘कोण आहे इथं पीडब्ल्यूआय?’ काकाजींनी विचारलं.

कोणीच नव्हतं. होते ते काकाजी स्वतःच. पीडब्ल्यूआय म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर. रूळ, स्लीपर, गिट्टी सांभाळणाऱ्या खात्यात अख्खी नोकरी काढून निवृत्त झालेले. तीन वर्षं मी त्यांच्या डोक्यावर रेल्वे चालवत होतो आणि मला ते फक्त स्कूटरवाले काकाजी म्हणून ठाऊक होते.

त्यांनी चप्पल काढली. वयाच्या मानाने फार सहज उकिडवे बसले, गाल प्लायवर टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळाच्या डोक्यावरून दूरवर बघितलं. दूरवर म्हणजे आठ फूट. पण ते असे बघत होते की मलाच वाटलं, पलीकडे कामठी दिसत असावी. पूर्ण मिनिटभर कोणी बोललं नाही. कूलरचा पंप तेवढा गुळगुळ करत होता.

‘तिसरा जॉइंट लो आहे.’ म्हणजे रुळांचा तिसरा सांधा खचलेला.

‘काकाजी, ते प्लाय जरा…’

‘जॉइंट लो आहे. प्लायचं मी विचारलं नाही.’ मग बोटाने वळण दाखवत, ‘या कर्वची रेडियस किती?’

‘अठरा इंच.’

‘अन् हे कितीपट लहान?’

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कोणी स्केल विचारलं की आमच्यातल्या माणसाला भरतं येतं. आयुष्यात कोणी विचारतच नाही. मी सांगून टाकलं की हे एचओ आहे, म्हणजे ‘ओ’ नावाच्या मोठ्या स्केलच्या अर्धं, फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७. एकाच मापात फूट आणि मिलिमीटर दोन्ही घालणारा हा छंद किती सुरेख वेडा आहे, हेही सांगितलं.

काकाजी छताकडे बघत ओठ हलवत होते. ‘म्हणजे चाळीस मीटर रेडियस. सतराशे पन्नास भागिले चाळीस…’ रेल्वेत वळणाची डिग्री अशीच काढतात. डिग्री जास्त, तितकं वळण तीव्र. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या खिशात कोणाचं तरी पाकीट सापडलं असावं. ‘चव्वेचाळीस डिग्रीचा कर्व?’

‘असेल.’

‘असेल नाही, आहे! ब्रॉडगेजला दहाच्या वर परवानगी नाही. छोट्या लाईनलेसुद्धा चाळीस. चव्वेचाळीस डिग्री मे महिन्यात असते जी, कर्वले नसते!’

डेंटिस्ट हसले. त्यांचं हसणं मी लक्षात ठेवलं आहे.

मी म्हणालो, काकाजी, खरं ब्रॉडगेज वळण घ्यायचं तर कमीत कमी पावणेदोनशे मीटरची रेडियस, इथे ती होते दोन मीटर. दोन मीटर रेडियसचं अर्धवर्तुळ म्हणजे चार मीटरची खोली, अन् ही खोली दहा बाय दहा फुटांची आहे. ते म्हणाले, ‘मग लाईन सरळ ठेवायची.’ सरळ ठेवली तर गाडी आठ फुटांनंतर भिंतीत जाईल. ‘तिथं बफर लावायचा.’ या माणसाकडे प्रत्येक अडचणीवर एक नियमानुसार उपाय होता आणि त्या उपायात माझी गाडी कुठेच जात नव्हती.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढली. निवृत्त माणूस, रविवार सकाळ, स्कूटरची तक्रार, आणि खिशात पट्टी. दोन रुळांमध्ये ती आडवी धरली, चष्मा वर केला.

‘साडेसोळा. गुणिले सत्त्याऐंशी.’ ओठ हलले. ‘चौदाशे पस्तीस. ब्रॉडगेज किती?’

‘१६७६,’ पोट्टा बोलला. त्याला कोणी विचारलं होतं?

‘मग दोनशे चाळीस मिलिमीटर कोणी खाल्ले?’

खोलीत शांतता. हे बघा, आम्हाला हे माहीत असतं. भारतीय गाड्यांचं एचओ मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो जगातल्या स्टँडर्ड गेजच्या हिशोबाने. आपली ब्रॉडगेज त्यापेक्षा रुंद, म्हणून खरं तर १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा. तो दुकानात मिळत नाही. स्वतः एकेक स्लीपर चिकटवून घालावा लागतो आणि मग त्यावर चालणारी चाकंही वेगळी लागतात. म्हणून आम्ही सगळे अरुंद रुळांवर रुंद गाड्या चालवतो आणि त्याबद्दल बोलत नाही. लग्नात काकांच्या टोपाबद्दल बोलत नाहीत, तसं.

मी इंग्रजांचा दाखला दिला. त्यांनी ‘डबल ओ’ स्केलमध्ये इंजिनं ७६ पट लहान केली आणि रूळ हाच साडेसोळाचा ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या ते चुकीच्या रुळावर सुखाने गाड्या चालवत आहेत.

‘इंग्रजायनं चूक केली म्हणून आपण करायची?’ काकाजी म्हणाले. ‘अन् नागपुरात चौदाशे पस्तीसवर एकच गाडी चालते. वर्धा रोडवर, खांबांवरून.’ त्यांनी माझ्या इंजिनाकडे बोट केलं. ‘तुम्ही डब्ल्यूडीएम-२ मेट्रोच्या लाईनवर टाकून राह्यले, साहेब.’

बँकवाले भाऊ खुर्चीतून घसरले. शब्दशः. पोह्यांची प्लेट पोट्ट्याने झेलली म्हणून तर्री वाचली.

मला राग आला तो काकाजींचा नाही. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. राग आला या तिघांचा. डेंटिस्टच्या घरीही साडेसोळाचाच रूळ आहे. भाऊंनी तर टाइमटेबलावर ‘ब्रॉडगेज मेन लाईन’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. पण लाईन माझ्या घरात होती, म्हणून चूक माझ्या एकट्याची. तिघंही टाळी देऊन मोकळे. छंदातली दोस्ती अशी असते. रात्री अकराला जळलेली मोटर घेऊन गेलात तर दार उघडतील, सोल्डरिंग गन तापवतील, चहा करतील. पण चारचौघांत तुमची चड्डी सुटली तर आधी हसून घेतील.

तेवढ्यात पोट्ट्याने कोपऱ्यातला नऊ मिलिमीटरचा तुकडा पुढे केला. ‘काकाजी, हे मोजा ना.’ तो एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलचा रूळ. मी नुसता आणून ठेवला होता.

पट्टी पुन्हा आडवी. नऊ गुणिले सत्त्याऐंशी. ‘सातशे त्र्याऐंशी.’ काकाजी थांबले. छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, ७६२. ‘एकवीसचा फरक. चालते. घिसाई समजू.’

आणि तो तुकडा त्यांनी खाली ठेवलाच नाही. इथल्याच मोतीबागेत, छोट्या लाईनवर सुरुवातीची नोकरी काढली, म्हणाले. छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा ते दुसरीकडे होते, शेवटच्या गाडीला आले नाहीत. ‘मोतीबागेच्या रेल्वे म्युझियममधी जातो कधी कधी. तिकीट काढून आपलंच इंजिन पाहाव लागते.’ मग अंगठ्याने रुळाचं डोकं पुसलं, जसं चष्म्याची काच पुसतात.

मला वाटलं, आता वितळले. आता गाडी सोडू देतील. कुठलं काय! त्यांनी माझ्याच वीजबिलाच्या पाकिटामागे कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू चालवायचा लेखी हुकूम, लिहिली. तिसरा जॉइंट, ताशी १० किलोमीटर, खाली सही आणि वेळ. माझ्या हातात दिली आणि मी पोच लिहून देईपर्यंत थांबले.

१:८७ मध्ये ताशी १० किलोमीटर म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन मीटर. आमच्या लुपची एक फेरी तीन मिनिटांची. एवढ्या हळू मोटर नीट फिरत नाही, गाडी नवरदेवाच्या घोडीसारखी अडखळते. शिवाय ऑर्डर एका जॉइंटपुरती होती. पण या तिघांनी ती अख्ख्या लाईनला लावली आणि शनिवारपासून वाट बघितलेली माझी दुपार त्या चालीने पार पाडली. भाऊ प्रत्येक फेरीला जाहीर करत होते, ‘मेट्रो सेवा विलंबाने धावत आहे.’ काकाजी खुर्ची घेऊन जॉइंटजवळ बसले होते, तीन वाजेपर्यंत. पोहे दोनदा मागून घेतले. तर्री मात्र स्वतःहून तीन फूट लांब धरली, हे मान्य करतो.

आता आठवडा झाला. तिसऱ्या जॉइंटवर इंजिन रोज उतरतं. आधी उतरत नव्हतं, शप्पथ. निदान मला दिसत नव्हतं. पोस्टकार्डाचा एक तुकडा कापून स्लीपरखाली सारला की काम होतं, दोन मिनिटांचं. पण मग जॉइंट लो होता, असं होतं ना! म्हणून मी सारत नाही. गाडी उतरते, मी चढवतो. पुन्हा उतरते.

स्कूटरचं सांगायचं त्या गडबडीत काकाजी विसरूनच गेले. मीही आठवण करून दिली नाही. कूलरच्या पाइपला एक एल्बो लावायचा आहे फक्त. बघू पुढच्या आठवड्यात.